मँडरिन मासा राहतो कुठे, खातो काय आणि टँकमध्ये उपाशी का मरतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईत घरी 250 लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे, तो लावून चार महिने झालेत आणि त्यात मँडरिनची जोडी सोडायची आहे. दुकानदार म्हणतो, गोठवलेली आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातली इवली कोळंबी) खातो, काही त्रास नाही. ओळखीतल्या दोघांचे मँडरिन मात्र दोन-तीन महिन्यांत गेले, तेही पाण्याच्या सगळ्या चाचण्या ठीक असताना. तर हा मासा निसर्गात राहतो कसा, त्याचा रंग इतका गडद कशामुळे, नर-मादी ओळखायची कशी आणि तो मरतो कशाने?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: भुकेने. रोगाने मरणारे मँडरिन थोडे, पाणी बिघडून मरणारेही थोडे. बहुतेक मासे डोळ्यांदेखत, हळूहळू, रंग शाबूत असताना उपासमारीने मरतात. चार महिन्यांच्या टँकमध्ये एकही मँडरिन सोडू नका, जोडी तर नाहीच. हे इतक्या ठामपणे का म्हणावं लागतं, ते या माशाचं शरीर आणि त्याचं घर समजून घेतलं की आपोआप लक्षात येईल.

मँडरिनचं शास्त्रीय नाव सिन्कायरोपस स्प्लेंडिडस. अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञ आल्बर्ट हेरे यांनी 1927 साली फिलिपिन्समधल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं. दुकानांत त्याला सर्रास 'मँडरिन गोबी' म्हणतात, पण गोबींशी त्याचं जवळचं नातं नाही. तो ड्रॅगनेट कुळातला, म्हणजे कॅलिओनिमिडी. या कुळातले वाळूच्या रंगाचे, चपट्या डोक्याचे मासे आपल्या किनाऱ्यावरही ट्रॉलच्या जाळ्यात येतात, पण त्यांच्याकडे कुणी वळून पाहत नाही. जनुकीय अभ्यासांतून अलीकडे दिसलं आहे की ड्रॅगनेट हे समुद्रघोडे आणि पाइपफिश यांच्या गटाजवळचे आहेत. ही माहिती नुसती शोभेची नाही. समुद्रघोडा पाळणाऱ्याला जी अडचण येते, तीच इथे येते: तोंड इवलंसं, शिकार बारीक आणि जिवंत, खाणं दिवसभर थोडंथोडं.

निसर्गात हा मासा पश्चिम प्रशांत महासागरात सापडतो. उत्तरेला जपानची र्‍यूक्यू बेटं, दक्षिणेला ऑस्ट्रेलियाचं ग्रेट बॅरियर रीफ, मधे फिलिपिन्स, इंडोनेशिया, पापुआ न्यू गिनी, पलाऊ, याप. आपल्या लक्षद्वीपला किंवा अंदमानला डायव्हिंगला गेलात तर तो दिसणार नाही. आणखी एक गैरसमज असा की इतका रंगीत मासा म्हणजे स्वच्छ, निळ्याशार, लाटा आदळणाऱ्या रीफवर राहत असणार. प्रत्यक्षात त्याचं घर असतं ते आतल्या, शांत, काहीशा गढूळ पाण्यात. खाजणासारखे निवांत लगून, किनाऱ्याजवळचे रीफ, कधी चक्क धक्क्याखालचे दगड. खोली साधारण 1 ते 18 मीटर. तळाला गाळ आणि वाळू, त्यावर मेलेल्या प्रवाळाचे तुकडे पसरलेले आणि मधूनमधून फांद्यांच्या प्रवाळाची दाट झुडपं. बोटांसारख्या फांद्यांचं पोराइट्स प्रवाळ त्याला विशेष मानवतं. दिवसा तो या फांद्यांच्या आत आणि तुकड्यांच्या फटींत असतो. एवढा भडक मासा दोन हातांवर असला तरी दिसत नाही.

या तुकड्यांच्या ढिगाकडे नीट लक्ष द्या, कारण सगळी गोम तिथे आहे. मेलेल्या प्रवाळाच्या प्रत्येक तुकड्यावर शेवाळाचा पातळ थर असतो, फटींत सेंद्रिय कचरा अडकतो आणि त्यावर कोट्यवधी सूक्ष्म कवचधारी जीव जगतात. मँडरिनच्या पोटातलं अन्न तपासल्यावर तळाला चिकटून राहणारे कोपेपॉड, अ‍ॅम्फिपॉड, ऑस्ट्रॅकॉड हे कवचधारी, बारीक बहुलोमी कृमी, इवल्या गोगलगाई आणि माशांची अंडी असं सगळं मिळालं आहे. मासा 6-7 सेंटिमीटरचा, त्याचं भक्ष्य मिलिमीटरभराचं किंवा त्याहून लहान. म्हणजे एका वेळच्या जेवणावर दिवस काढण्याची सोयच नाही. शेळी जशी चार पावलं टाकते, पाला ओढते, पुन्हा चार पावलं टाकते, तसा हा उजेड असेपर्यंत चरतच असतो.

त्याच्या शरीराची ठेवण याच कामासाठी आहे. पोटाखालचे दोन पर पंख्यासारखे रुंद, त्यांवर तो तळाशी टेकत, उड्या मारत सरकतो. ड्रॅगनेटना पोहण्याची पिशवी नसते, त्यामुळे पाण्यात अधांतरी राहायला श्रम पडतात आणि तळ सोडून तो फारसा वर येत नाही. तोंड खालच्या बाजूला वळलेलं, पण जबडा नळीसारखा पटकन पुढे येतो. दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरतात. तो थांबतो, एका दगडाकडे रोखून बघतो आणि टचकन एक टोच मारतो. ही टोच म्हणजे एक कोपेपॉड. वरून पडणारं, प्रवाहात वाहत जाणारं खाणं ओळखून त्यामागे धावणारा हा मासा नाही. टँकमध्ये तुम्ही चिमूटभर खाणं टाकलं की क्लाउनफिश आणि डॅमसेल ते वीस सेकंदांत संपवतात, तोवर मँडरिनने मान वळवलेली असते इतकंच.

इतका सावकाश मासा खाल्ला का जात नाही? त्याच्या अंगावर खवले नाहीत. त्याऐवजी जाड, बुळबुळीत, कडवट आणि घाण वासाचा स्राव आहे. त्वचेत साधी बुळबुळ तयार करणाऱ्या पेशी आहेतच, शिवाय पिशवीच्या आकाराच्या वेगळ्या पेशी आहेत, ज्यांतून शत्रूला नकोसा वाटणारा पदार्थ येतो. भडक रंग हा त्याचा इशारा असावा, असं म्हणायला त्यामुळे जागा आहे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना कल्ल्याच्या झाकणापुढे काटेही आहेत. जाळीने मासा पकडताना हे काटे जाळीत अडकतात आणि सोडवताना कातडी फाटते. मँडरिन नेहमी प्लास्टिकच्या डब्यात किंवा ग्लासात वळवून उचलावा, जाळी वापरूच नये. आणताना एका पिशवीत एकच मासा ठेवावा आणि त्या पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नये. घाबरलेल्या माशाचा स्राव थोड्या पाण्यात साठला की इतर माशांनाच काय, त्याला स्वतःलाही घातक ठरतो.

आता रंगाबद्दल, कारण इथे हा मासा खरोखर एकमेवाद्वितीयाच्या जवळ जातो. माशांमधला निळा रंग जवळजवळ नेहमी रंगद्रव्याचा नसतो. डॅमसेल, सर्जनफिश यांच्या त्वचेत ग्वानिनचे अतिपातळ स्फटिक एकावर एक रचलेले असतात. त्यांवरून परतणाऱ्या प्रकाशात निळी लहर तेवढी ठळक होते आणि आपल्याला मासा निळा दिसतो. मँडरिनमध्ये मात्र खरं निळं रंगद्रव्य असलेल्या पेशी आहेत. गोडा आणि फुजी या जपानी संशोधकांनी 1995 साली मँडरिन आणि त्याचा भाऊबंद सिन्कायरोपस पिक्च्युरेटस या दोन जातींत त्या दाखवून दिल्या आणि त्यांना सायनोफोर हे नाव दिलं. पृष्ठवंशी प्राण्यांत असं उदाहरण अतिशय दुर्मीळ आहे. म्हणून मँडरिनचा निळा कोणत्याही कोनातून निळाच दिसतो, चमकत किंवा बदलत नाही.

या पेशींतले रंगाचे कण पसरतात आणि आकसतातही. त्यामुळे रात्री दिवे गेल्यावर मासा फिकट, मळकट दिसला तर घाबरून औषध घालू नका. सकाळी दिवे लागल्यावर थोड्या वेळात रंग परत येतो. उलट बाजूही लक्षात ठेवा, ती जास्त महत्त्वाची आहे. रंग त्वचेतल्या पेशींत असल्यामुळे उपाशी मासाही अखेरपर्यंत झळझळीत दिसतो. रंगावरून तब्येत ठरवणारे इथेच फसतात.

तब्येत बघायची ती वरून आणि समोरून. डोळ्यांमागे पाठीचा भाग गोलसर, भरलेला हवा. तिथे मधोमध धार दिसत असेल आणि दोन्ही बाजूंना खळगे असतील, तर शरीर स्नायू जाळून जगतंय. पोट सपाट किंवा किंचित फुगलेलं हवं, आत गेलेलं नको. शेपटीकडचा भाग डोक्याच्या मानाने एकदम बारीक दिसत असेल तर मासा घेऊ नका, किंमत कितीही कमी असो. अंगावर किंवा परांवर टोचल्याची बारीक खूण आहे का तेही बघा. फिलिपिन्समध्ये प्रवाळाच्या फांद्यांत लपलेले मँडरिन पकडायला सुईसारख्या टोकाचा छोटा भाला वापरला जातो. त्या जखमेत आठवडाभराने संसर्ग दिसू लागतो. पकडल्यापासून आपल्या दुकानापर्यंत मासा आठ-पंधरा दिवस सहज घालवतो, आणि त्या काळात त्याला जिवंत कोपेपॉड बहुधा कुणी देत नाही. म्हणजे उपासमार दुकानातच सुरू झालेली असते. क्रॉफर्ड मार्केट असो की पुण्यातलं एखादं चांगलं दुकान, मासा तुमच्यासमोर खाताना बघा. तोही खाणं टाकल्यावर नव्हे, तर दगडावर आपणहून टोचा मारताना. पाच मिनिटं उभं राहून बघा. निरोगी मँडरिन तेवढ्या वेळात अनेकदा टोच मारतो. नुसता काचेशी बसून राहिलेला मासा नको.

दुकानदार 'आर्टेमिया खातो' म्हणतो ते खोटं असेलच असं नाही. अडचण वेगळी आहे. मोठी गोठवलेली आर्टेमिया पोषणाला हलकी, आणि दिवसातून एकदा चार-पाच दाणे खाल्ल्याने या माशाचं भागत नाही. 'खाताना दिसला' आणि 'पोटभर मिळतंय' यांत फार अंतर आहे.

म्हणून टँकच त्याचं ताट झालं पाहिजे. एका मँडरिनसाठी किमान 200 लिटर पाणी, 20 ते 25 किलो सच्छिद्र दगड आणि टँक चालू होऊन निदान आठ-नऊ महिने झालेले, असा अंदाज ठेवा. महिन्यांचा आकडाही अंतिम नाही. रात्री दिवे बंद झाल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन बघा: काचेवर, दगडांच्या कडेला पांढरे ठिपके सरपटताना, उड्या मारताना दिसले पाहिजेत. काचेच्या तळहाताएवढ्या भागात ते मोजायचा कंटाळा यावा इतके असले तर टँक तयार. शोधून पाच-सहा सापडले तर नाही.

दगडाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगणं भाग आहे. समुद्रातून प्रवाळ किंवा प्रवाळाचा दगड उचलून आणू नका, मालवणहून नाही आणि दुसरीकडून कुठूनही नाही. कडक प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी तोच दगड तिथल्या माशांचं ताट आहे. कोरडा कृत्रिम दगड घ्या आणि त्यावर कोपेपॉड वाढवा. वेळ लागतो, पण काम तेच होतं. मोठ्या दगडांच्या मागे, सौम्य प्रवाहात, 1 ते 3 सेंटिमीटरच्या तुकड्यांचे दोन-तीन ढीग करून ठेवा. निसर्गातल्या ज्या ढिगाबद्दल वर लिहिलं, त्याचीच ही छोटी नक्कल. मोठे मासे आत शिरू शकत नाहीत, कोपेपॉड आत वाढतात आणि कडेला आले की मँडरिन टिपतो.

सम्पमध्ये (टँकखालच्या, पाणी गाळण्याच्या टाकीत) जागा असेल तर 30-40 लिटरचा एक कप्पा केवळ यासाठी ठेवा. त्यात कीटोमॉर्फा हे तारेच्या गुंत्यासारखं शेवाळ, थोडे दगडाचे तुकडे, आणि मुख्य टँकचे दिवे बंद असताना चालणारा दिवा. कप्प्यात मासा एकही नको. पाणी वर मुख्य टँकमध्ये नेणाऱ्या रिटर्न पंपातून जाताना बहुतेक बारीक कोपेपॉड सुखरूप पोचतात. खरा काळ ठरते ती गाळणीची पिशवी. ओव्हरफ्लोखाली, म्हणजे टँकमधलं पाणी सम्पमध्ये पडतं तिथे, बारीक विणीची पिशवी किंवा फिल्टर रोल सतत लावलेला असेल तर टँकमधले पॉड, म्हणजे हेच कोपेपॉड वगैरे बारीक जीव, त्यात अडकून मरतात. मँडरिन ठेवायचा असेल तर पिशवी काढा किंवा फक्त सफाईच्या दिवशी लावा.

तरीही 250 लिटरमध्ये आपोआप वाढणाऱ्या पॉडवर एक प्रौढ मँडरिन वर्षानुवर्षं जगेल, यावर विसंबू नका. टँकबाहेर कोपेपॉडचं संवर्धन करावंच लागतं, आणि ते वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. 15 लिटरच्या दोन स्वच्छ बादल्या घ्या, एक कधी ना कधी कोसळतेच म्हणून दोन. प्रत्येकीत 10 लिटर आरओच्या पाण्यात समुद्री मीठ मिसळून क्षारता (विशिष्ट गुरुत्वात) 1.022 ते 1.024 ठेवा. हवेची कडक नळी तळापर्यंत सोडा, टोकाला बुडबुडे बारीक करणारा हवेचा दगड लावू नका. बारीक बुडबुडे कोपेपॉडना अडकवून वर आणतात. सेकंदाला एक-दोन मोठे बुडबुडे पुरेत. कोपेपॉडची जात निवडताना मँडरिनसाठी टिस्बे सर्वांत योग्य: तळाला चिकटून राहते, फटींत शिरते, टँकमध्ये टिकून वाढते. टायग्रिओपस मोठा, लालसर, उड्या मारणारा आणि पोषणाला उत्तम, पण तो उघड्यावर पोहतो आणि टँकमध्ये दोन दिवसांत सगळे मासे मिळून संपवतात. नव्या, अशक्त माशाला भर घालायला तो चांगला, कायमच्या साठ्यासाठी नाही.

खाद्य म्हणून सूक्ष्म शैवाल द्यायचं. आयसोक्रायसिस किंवा टेट्रासेल्मिस असेल तर उत्तम. नॅनोक्लोरोप्सिस सहज मिळतं आणि वाढवायला सोपं, पण शक्यतो एकट्यावर भागवू नका. बादलीतलं पाणी फिकट हिरवं दिसेल इतकंच घाला, ते स्वच्छ झालं की पुन्हा घाला. गडद हिरवं केलं तर जास्तीचं शैवाल तळाला कुजतं, अमोनिया वाढतो आणि एका रात्रीत सगळं संपतं. कुबट वास आला की समजा उशीर झालाय: लगेच अर्धं पाणी बदला आणि दोन दिवस खाद्य थांबवा. दोन-तीन आठवड्यांनी उपसणी सुरू करता येते. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी काढायचं, 50 मायक्रॉनच्या जाळीतून गाळायचं, जाळीतलं टँकसाठी, आणि तेवढंच ताजं खारं पाणी बादलीत. पाणी अचानक धुरकट दिसू लागलं, शैवाल भराभर संपू लागलं आणि कोपेपॉड कमी झाले, तर रोटिफर (शैवाल खाणारे दुसरे सूक्ष्म जीव) शिरलेत. ती बादली टाकून द्या, भांडी ब्लीचने धुऊन वाळवा आणि दुसरीतून नवी लावा. शैवाल आणि कोपेपॉड एकाच टेबलावर, एकाच चमच्याने हाताळले की ही वेळ ठरलेली.

मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्याचं काय? मे महिन्यात घरातलं पाणी 31-32 अंशांवर जातं आणि बंद बाल्कनीत त्याहून वर. बादल्या घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात, फरशीवर ठेवा. टँकला चिलर हवाच. मँडरिनसाठी 24 ते 26 अंश, क्षारता 1.025, पीएच 8.1 ते 8.4. नायट्रेट शून्यावर नेण्याचा हट्ट नको. अगदी निर्मळ, पोषकं काढून घेतलेल्या पाण्यात शैवालाचा थर उपाशी राहतो, मग कोपेपॉड आणि शेवटी मासा. 5 ते 10 पीपीएम असलं तर बरंच.

पॉड टँकमध्ये सोडताना दिवे बंद झाल्यावर सोडा. रिटर्न पंप, स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र), वेव्हमेकर आणि यूव्ही दिवा तासभर बंद ठेवा. पाण्यावर ओतू नका, नळीने दगडांच्या बुडाशी सोडा. भरदिवसा वरून ओतलेली बाटली म्हणजे बाकीच्या माशांची मेजवानी.

सोबतीही बघून ठेवा. सिक्सलाइन रॅस हा छोटा सुंदर मासा मँडरिनचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी, कारण तोही दिवसभर तेच कोपेपॉड टिपतो, आणि दुप्पट वेगाने. हॅलिकोइरस रॅस, स्कूटर ड्रॅगनेट, कॉपरबँड बटरफ्लायफिश हेही त्याच ताटातले. 250 लिटरमध्ये यांपैकी एक असला तर मँडरिन नको. कार्पेट अ‍ॅनिमोन (तळावर पसरणारं, डंख मारणारं समुद्रफूल) असलेल्या टँकमध्येही नको: तळावर सरकणारा मासा कधीतरी त्यावर जातोच आणि त्याची बुळबुळ तिथे उपयोगी पडत नाही.

नवा मासा वेगळ्या टँकमध्ये ठेवून निरीक्षण करण्याची पद्धत एरवी योग्य आहे, पण मँडरिनसाठी रिकामा, नुसत्या पाइपच्या तुकड्यांचा टँक म्हणजे उपासाची शिक्षा. क्वारंटाइनच्या 40-50 लिटरच्या टँकमध्ये महिनाभर आधीच दगडाचे तुकडे आणि टिस्बे टाकून ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, म्हणजे क्रिप्टोकॅरियॉन, बुळबुळीत कातडीमुळे याला कमी होतो. होतच नाही असं मात्र नाही. सवय म्हणून तांब्याचं औषध किंवा गोड्या पाण्याची बुडी देऊ नका. तांब्याने रोगापेक्षा आधी कोपेपॉड मरतात.

या काळात त्याला तयार खाणं शिकवता येतं आणि तो प्रयत्न जरूर करावा. आधी नुकतीच फुटलेली आर्टेमिया द्या. 28 अंशांना, हवेच्या जोरदार प्रवाहात, 24 तासांत अंडी फुटतात. फुटल्यानंतर काही तासांतच ती वापरायची, कारण पिल्लांचं सत्त्व त्यांच्या अंगच्या बलकात असतं आणि तो झपाट्याने संपतो. दिवसातून दोनदा, एका छोट्या काचेच्या वाटीत किंवा आडव्या बरणीत सोडा, म्हणजे ती पसरत नाहीत आणि मासा तिथे येऊ लागतो. तो बरणी ओळखायला लागला की आर्टेमियात थोडे गोठवलेले सायक्लॉप्स (हेही कोपेपॉडच) मिसळा, मग बारीक मायसिस (कोळंबीसारखे छोटे जीव) आणि माशांची अंडी. नळीने हलकेच हलवत राहिलं तर मेलेलं खाणं जिवंत वाटतं. आठवड्यागणिक जिवंत भाग कमी करा. काही मासे पंधरा दिवसांत शिकतात, काही कधीच शिकत नाहीत. शिकला तरी दिवसातून दोन-तीनदा द्यावंच लागतं आणि टँकमधले पॉड हवेतच.

नर-मादी ओळखणं सोपं आहे. पाठीवरच्या पुढच्या परात चार काटे असतात; नरात पहिला काटा लांब, झेंड्याच्या काठीसारखा वर गेलेला, मादीत आखूड. नर आकारानेही मोठा. दोन नर एका टँकमध्ये कधीही ठेवू नका. एकमेकांचा जबडा, गाल पकडून ते इतके झुंजतात की एक मरतो. दोन माद्याही लहान टँकमध्ये सुखाने राहतीलच असं नाही. जोडीसाठी 350-400 लिटर आणि दुप्पट खाद्य धरा.

निसर्गात त्यांचं मीलन संध्याकाळी, सूर्यास्ताच्या आसपासच्या अर्ध्या-पाऊण तासात होतं. प्रवाळाच्या ठरावीक झुडपांपाशी माद्या जमतात, नर पर ताणून त्यांच्याभोवती फिरतो. जमलं की मादी नराच्या पोटाखालच्या परावर टेकते आणि दोघं गालाला गाल लावून तळापासून साधारण मीटरभर वर चढतात. तिथे अंडी आणि शुक्र एकदम सुटतात आणि क्षणात जोडी पुन्हा खाली फांद्यांत. मादी एका संध्याकाळी एकदाच अंडी घालते, नर एकाहून अधिक माद्यांबरोबर वर जाऊ शकतो. माद्या मोठ्या नराला पसंती देतात, आणि मासेमारांनाही लांब काट्याचे मोठे नरच हवे असतात, कारण त्यांना भाव जास्त. त्यामुळे एखाद्या रीफवरचे मोठे नर आधी संपतात आणि नुकसान पकडलेल्या माशांच्या संख्येपेक्षा मोठं होतं. दुकानात ऐटबाज नराकडे हात जाण्याआधी एवढं लक्षात असू द्या.

हे मीलन डोळ्यांनी पाहायचं असेल तर फिलिपिन्सचं मालापास्कुआ, इंडोनेशियातली लेंबेह सामुद्रधुनी आणि बांदा नेरा, मलेशियाचं माबुल, पलाऊ या खात्रीच्या जागा. तळावर न टेकता थांबा आणि पांढरा प्रखर टॉर्च वापरू नका, लाल काच लावा. पांढऱ्या झोतात जोडी वर चढता चढता मागे फिरते.

टँकमध्येही चांगली खाल्लेली जोडी अंडी घालते, पण तिला वर चढायला पाण्याची उंची हवी. 50 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीत चढाई अर्धवट राहते. अंडी एका वेळी काही डझनांपासून दोनशेपर्यंत, मिलिमीटरपेक्षा लहान, रंगहीन, तरंगणारी. आईबाप त्यांच्याकडे बघतही नाहीत. पंप बंद करून पृष्ठभागावरून भांड्याने अलगद गोळा करावी लागतात आणि एका दिवसाच्या आतच ती फुटतात. पुढचं खरं कठीण: पिल्लांचं तोंड इतकं बारीक असतं की पहिल्या दिवसांत रोटिफरवर भागत नाही, पार्व्होकॅलॅनस जातीच्या कोपेपॉडची नवजात पिल्लं सतत, दाट प्रमाणात लागतात. दोन-तीन आठवड्यांत ती तळावर बसू लागतात. 2010 च्या सुमारास अमेरिकेतल्या फ्लोरिडामधल्या ओआरए या हॅचरीने असे टँकमध्ये जन्मलेले मँडरिन विक्रीला आणले, आणि आता इतरही काही जण ते करतात. हे मासे लहानपणापासून गोठवलेलं आणि गोळी खाणं ओळखतात. आपल्याकडे ते क्वचित येतात आणि महाग पडतात, तरी मिळत असतील तर तेच घ्या, पकडून आणलेला घेऊ नका. मात्र ते बहुधा 2-3 सेंटिमीटरचेच असतात आणि अंगात साठा नसल्याने एक-दोन दिवसांचा उपासही त्यांना झेपत नाही. पहिले दोन महिने त्यांना मुख्य टँकमध्ये न सोडता काचेच्या किंवा जाळीच्या छोट्या कप्प्यात, दिवसाला चार वेळा खायला घालून वाढवा.

तुमच्या टँकला अजून चार-पाच महिने आहेत. आजच दोन बादल्या लावा, पंधरवड्याला एकदा टिस्बे टँकमध्ये सोडत राहा, रॅस घेण्याचा मोह टाळा आणि दर आठवड्याला रात्री टॉर्चने काच बघा. पॉडची दाटी सलग दोन महिने टिकली की एक मँडरिन घ्या, शक्यतो मादी. तिला थोडं कमी लागतं आणि मोठा नर रीफवर राहतो.